घरातला माणूस युद्धात लढाऊ वैमानिक होता: त्याची कारकीर्द कागदोपत्री शोधायची कशी

"आमचे आजोबा बर्मात स्पिटफायर उडवायचे, त्यांनी चार जपानी विमानं पाडली." बहुतेक शोध अशा एखाद्या वाक्यापासून सुरू होतात आणि दुर्दैवाने तिथेच अडकतात. चार विमानं शोधायला निघालेला नातू महिनोन्‌महिने काही हाती न लागल्याने हिरमुसतो आणि नाद सोडून देतो. आजोबा खरंच बर्मात होते, जीव धोक्यात घालून उडत होते, आणि त्याच्या नोंदीही कुठेतरी आहेत. फक्त त्या नोंदी 'पराक्रम' या सदराखाली लावलेल्या नसतात. त्या युनिट आणि तारीख यांप्रमाणे लावलेल्या असतात. म्हणून आधी ठरवायचं ते एवढंच: हा माणूस कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत कोणत्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या कोणत्या तुकडीत होता. एकदा ते कळलं की बाकीची दारं उघडत जातात.

दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय वैमानिकांचं काम नेमकं काय होतं, तेही आधी समजून घ्या. जपानी विमानांशी आमनेसामने झुंज देण्याचे प्रसंग त्यांच्या वाट्याला फार कमी आले. ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे फ्लाइंग ऑफिसर जगदीशचंद्र वर्मा यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये आराकानात, म्हणजे बर्माच्या पश्चिम किनारपट्टीत, 'ऑस्कर' हे जपानी लढाऊ विमान पाडलं. भारतीय स्क्वाड्रनच्या नावावर या युद्धातला निश्चित मानला गेलेला हवाई विजय तो एवढाच. बाकीचे वैमानिक जंगलावरून, नद्यांवरून खाली खाली उडत शत्रूचा माग काढत होते, छायाचित्रं घेत होते, होड्या आणि बंकरवर मारा करत होते. टेहळणीची हरिकेन विमानं जोडीने जात. एक वैमानिक खाली बघून काय दिसतं ते टिपायचा, दुसरा त्याच्या मागे नागमोडी उडत आकाशावर नजर ठेवायचा. खालून होणारा गोळीबार, मान्सूनचे ढग आणि इंफाळभोवतीचे डोंगर यांनी अनेकांचा बळी घेतला. हे काम नुसत्या 'किती पाडली' या मापाने मोजू नका, नाहीतर हाती आलेला मोलाचा कागदसुद्धा फिका वाटेल.

पहिली पायरी: घरातली ट्रंक आणि घरातली माणसं

दिल्ली-लंडनला पत्र पाठवण्याआधी घर धुंडाळा. सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे वैमानिकाचं लॉगबुक. ही जाड बांधणीची वही असते आणि हवाई दलाच्या भाषेत तिला फॉर्म ४१४ म्हणत. उघडल्यावर डावीकडे तारीख, मग विमानाचा प्रकार आणि त्याचा क्रमांक, मग वैमानिक कोण, सोबत कोण, मग 'ड्यूटी' हा रुंद रकाना आणि पुढे तासांचे रकाने: एक इंजिन की अनेक, दिवस की रात्र, शिक्षकासोबत की एकट्याने. रात्रीचं उड्डाण लाल शाईने लिहायची पद्धत होती. महिना संपला की बेरीज, आणि तिच्याखाली फ्लाइट कमांडरची व स्क्वाड्रन कमांडरची सही. पाहणाऱ्याचं लक्ष ड्यूटीच्या रकान्याकडे जातं, पण तुम्ही आधी या महिनाअखेरच्या सह्या आणि त्यालगतचा युनिटचा शिक्का बघा. 'या महिन्यात हा माणूस इथे होता' याचा तो पुरावा आहे.

ड्यूटीच्या रकान्यात लघुरूपं असतात. 'टॅक आर' म्हणजे सैन्याच्या उपयोगाची टेहळणी. 'डीसीओ' म्हणजे सोपवलेलं काम पार पडलं, 'डीएनसीओ' म्हणजे पार पडलं नाही, बहुधा हवामानामुळे. 'एअर टेस्ट' म्हणजे दुरुस्तीनंतरची चाचणी. विमानाच्या क्रमांकाच्या सुरुवातीची दोन अक्षरंही बोलतात. एचव्ही, केझेड, एलबी, एलडी ही बहुधा हरिकेनची. जेएफ, जेजी, एमटी, एमव्ही स्पिटफायरची. एएन, ईझेड, एफबी व्हेन्जन्स या डाइव्ह बॉम्बरची. ही विमानं ब्रिटिश हवाई दलाच्याच क्रमांकमालेतली असल्याने एकेका विमानाचा इतिहास वेगळा शोधता येतो: ते कधी आलं, कुठल्या युनिटला दिलं, कधी मोडलं.

लॉगबुकची पहिली पानं प्रशिक्षणाची असतात. टायगर मॉथवरचे धडे बहुधा हैदराबादजवळ बेगमपेठला किंवा जोधपूरला. पुढचं शिक्षण अंबाल्याला, तिथे हार्वर्डसारखी विमानं. त्यानंतर रिसालपूरला १५१ क्रमांकाच्या ऑपरेशनल ट्रेनिंग युनिटमध्ये हरिकेन, किंवा पेशावरला १५२ क्रमांकाच्या युनिटमध्ये व्हेन्जन्स. ज्यांची सुरुवात मुंबईत झाली, त्यांच्या कागदांत जुहूचा उल्लेख हमखास सापडतो. तिथे १९२८ पासून फ्लाइंग क्लब होता. युद्ध सुरू झाल्यावर खासगी लायसन्स असलेल्या तरुणांना स्वयंसेवी राखीव दलात घेऊन किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या कोस्टल डिफेन्स फ्लाइट उभ्या केल्या गेल्या. त्यांतली २ क्रमांकाची मुंबईची. १९४० च्या आसपास 'जुहूला नोकरीला होते' असं घरात सांगत असतील, तर हा धागा आधी तपासा.

लॉगबुक नसेल तर? बहुतेक घरांत नसतंच. मग जे आहे त्यातून तारखा काढायच्या. पत्रांवर ठिकाणाचं नाव नसतं, पण फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि सेन्सॉरचा शिक्का असतो. टपाल इतिहासाचा छंद असलेली माणसं त्या क्रमांकावरून ठिकाण आणि महिना सांगू शकतात, तेव्हा पाकीट फेकून नुसतं पत्र ठेवू नका. फोटोत बाहीवरच्या पट्ट्या मोजा. एक बारीक पट्टी पायलट ऑफिसरची, त्याहून रुंद एक फ्लाइंग ऑफिसरची, दोन फ्लाइट लेफ्टनंटच्या, दोन रुंद पट्ट्यांमध्ये एक बारीक असेल तर स्क्वाड्रन लीडर. मागे विमान दिसत असेल तर पंखावरच्या गोल खुणेत गडद ठिपका आहे का पाहा. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून १९४३ पासून बर्मा आघाडीवरच्या आपल्या विमानांच्या खुणेतला मधला लाल ठिपका काढून टाकण्यात आला. ठिपका नसलेला फोटो बहुधा त्यानंतरचा आणि पूर्वेकडचा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, पेन्सिलीने लिहिलेलं नाव तिथेच असतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना "आजोबा कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होते?" असं विचारू नका. "माहीत नाही रे" एवढंच उत्तर येईल. आजीला, आत्याला, मामेआजीला विचारा: लग्नानंतर पहिलं बिऱ्हाड कुठे थाटलं? थोरल्या मुलाचा जन्म कुठला? तेव्हा स्वयंपाकाला कोण होतं, शेजारी कोण राहायचं? कोहाट, अंबाला, रिसालपूर, कोलकाता अशी नावं या प्रश्नांतून बाहेर पडतात. थोरल्या काकांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थान 'पेशावर' असेल, तर तो तुमच्या हातातला तारखेसह पुरावा आहे. आणि हे काम सगळ्यांत आधी करा. कागद आणखी दहा वर्षं टिकतील, नव्वदीतल्या आजींचं तसं सांगता येत नाही. बोलणं रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी घेऊन.

नाव आणि नंबर

मराठी आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं युद्धकाळात कशीही लिहिली जात. मुळगावकर, वेलिणकर, तांबे ही आडनावं अधिकृत कागदांत आपण आज लिहू त्याहून वेगळ्या स्पेलिंगने सापडतात. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून न धरता कधी पहिलंच नाव समजलं जातं. कधी नुसती आद्याक्षरं. म्हणून शोध सुरू करतानाच एका कागदावर संभाव्य सगळी स्पेलिंगं लिहून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी ती सगळी वापरून पाहा. स्थिर राहतो तो सेवा क्रमांक. युद्धकाळात भारतीय अधिकाऱ्यांच्या क्रमांकाआधी 'आयएनडी' अशी अक्षरं लावत. पुढे ती गेली आणि क्रमांकानंतर शाखेचं लघुरूप येऊ लागलं, वैमानिकांसाठी 'जीडी (पी)'. कमिशनचं (अधिकारी म्हणून नेमणुकीचं) पत्र, ओळखपत्र, पदकांसोबत आलेली चिठ्ठी, पेन्शनचा कागद, कुठेतरी हा क्रमांक असतो. नंबर मिळाला की नावांच्या गोंधळाची चिंता पुष्कळ कमी होते.

'भारत रक्षक' या संकेतस्थळावर भारतीय हवाई दलाच्या अधिकाऱ्यांची मोठी सूची आहे. अभ्यासकांनी स्वतःच्या हौसेने, वर्षानुवर्षं खपून ती उभी केली आहे. नाव, क्रमांक, कमिशनची तारीख, सन्मान, अपघात अशा नोंदी तिथे सापडतात. पहिला ऑनलाइन शोध तिथे घ्या. ती सरकारी नोंद नव्हे, म्हणून तिथलं वाचून थांबू नका. पुढे काय मागायचं हे मात्र तिथे चटकन कळतं.

स्क्वाड्रन ओळखणं, आणि एक मोठा खड्डा

युद्ध संपेपर्यंत भारतीय हवाई दलाची नऊ स्क्वाड्रन होती: १, २, ३, ४, ६, ७, ८, ९ आणि १०. पाचवं त्या वेळी नव्हतं. १९३३ मध्ये कराचीजवळच्या ड्रिग रोडला वापिती विमानांवर सुरू झालेलं पहिलं स्क्वाड्रन १९४२ च्या आरंभी लायसँडर विमानं घेऊन बर्मात गेलं. मुळात टेहळणीसाठी असलेल्या त्या विमानांना बॉम्ब लावून करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी जपानी तळांवर हल्ले केले. तेच स्क्वाड्रन १९४४ मध्ये अर्जन सिंग यांच्या हाताखाली हरिकेन घेऊन इंफाळच्या वेढ्यात उडत होतं. मेहर सिंग यांचं सहावं स्क्वाड्रन आराकानात बर्मा आघाडीवरच्या ब्रिटिश चौदाव्या सैन्याचे 'डोळे' म्हणून ओळखलं जाई. सातवं विशाखापट्टणमला आणि आठवं तिरुचिरापल्लीला, दोन्ही १ डिसेंबर १९४२ ला उभी राहिली. सुरुवातीला दोघांकडेही व्हेन्जन्स होती. तिसऱ्याचं बहुतेक युद्ध वायव्य सरहद्दीवर गेलं. चौथं युद्धानंतर १९४६ मध्ये स्पिटफायर घेऊन थेट जपानला गेलं.

हे तपशील घरातल्या आठवणी तपासायला उपयोगी पडतात. भारतीय स्क्वाड्रनमध्ये स्पिटफायर पहिल्यांदा आली ती १९४४ मध्ये, आठव्या स्क्वाड्रनकडे. तेव्हा "आजोबा १९४२ मध्ये स्पिटफायर उडवायचे" असं घरात सांगत असतील तर दोन शक्यता उरतात: वर्ष चुकलंय, किंवा ते ब्रिटिश हवाई दलाच्या एखाद्या स्क्वाड्रनमध्ये होते. दुसरी शक्यता पोकळ समजू नका. १९४० मध्ये २४ भारतीय वैमानिक ब्रिटनला पाठवले गेले. महिंदर सिंग पुज्जी त्यांच्यातलेच. आणि बर्मातही ब्रिटिश स्क्वाड्रनला जोडून दिलेले भारतीय होते.

आता तो खड्डा. सहावं स्क्वाड्रन भारतीय हवाई दलाचं होतं तसंच ब्रिटिश हवाई दलाचंही होतं, आणि दोन्ही एकाच काळात वेगवेगळ्या आघाड्यांवर लढत होती. पहिलं, दुसरं, आठवं, सगळ्यांचं तेच. इंटरनेटवर नुसता '६ स्क्वाड्रन, १९४४' असा शोध घेतलात तर भूमध्य समुद्राकडचा इतिहास समोर येईल. लोक तो आजोबांचा समजून छापतातसुद्धा. प्रत्येक कागदावर 'आयएएफ' आहे की 'आरएएफ', हे बघितल्याशिवाय पुढचं वाचू नका. मार्च १९४५ ते जानेवारी १९५० या काळात 'आरआयएएफ' असं लिहिलेलं दिसेल. 'रॉयल' ही उपाधी मिळाल्याने आलेलं ते भारतीय हवाई दलाचंच नाव. फाळणीत सहावं आणि नववं स्क्वाड्रन पाकिस्तानच्या वाट्याला गेलं आणि भारताने पुढे याच क्रमांकांची स्क्वाड्रन नव्याने उभी केली, हेही ध्यानात असू द्या.

ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक: खरा खजिना

प्रत्येक स्क्वाड्रन रोजची नोंदवही ठेवत असे. तिचे दोन भाग. फॉर्म ५४० म्हणजे दिवसाचा गोषवारा: हवामान कसं होतं, कोण बदलून आलं, कोण गेलं, कोण रुग्णालयात दाखल झालं, कोणते बडे अधिकारी येऊन गेले. फॉर्म ५४१ म्हणजे उड्डाणांचा तपशील: विमान, वैमानिक, निघाल्याची वेळ, उतरल्याची वेळ, काय पाहिलं, काय केलं.

वाचायचं कसं ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा, लॉगबुकात एप्रिल १९४४ मधल्या एका दिवशी 'टॅक आर, टिड्डिम रोड, १ तास ४० मिनिटं' एवढंच आहे (टिड्डिम रोड म्हणजे इंफाळहून बर्मातल्या टिड्डिमला जाणारा रस्ता). फॉर्म ५४१ मध्ये त्या दिवसाच्या ओळी बघा. तुमच्या माणसाचं नाव दुसऱ्या एका नावासोबत जोडीने येईल. त्यावरून तो जोडीत पुढे होता की मागे राखण करत होता, हे कळेल. निघण्या-उतरण्याच्या वेळांतला फरक १ तास ४० मिनिटांशी जुळला की उड्डाण तेच. तपशिलाच्या रकान्यात रस्त्यावर दिसलेले ट्रक, धूर, मोडलेला पूल असं काही असेल. मग त्याच दिवसाचा फॉर्म ५४० वाचा: ढग किती खाली होते, सकाळची उड्डाणं रद्द झाली होती का, त्या संध्याकाळी कोण परतलं नव्हतं. लॉगबुकातल्या पाच शब्दांमागचा अख्खा दिवस असा उभा राहतो. माझ्या मते या शोधातलं सगळ्यात समाधानाचं काम हेच, आणि ते घाईने करू नये.

जोडीतल्या दुसऱ्या वैमानिकाचं नाव वेगळं टिपून ठेवा. जो जोडीदार वारंवार सोबत उडत होता, त्याच्या घरी तुमच्या आजोबांचे फोटो असण्याची शक्यता तुमच्या घरापेक्षा जास्त असू शकते.

दिल्लीत काय आहे आणि ते मागायचं कसं

भारतीय स्क्वाड्रनच्या महायुद्धातल्या नोंदवह्यांसाठी पहिलं ठिकाण म्हणजे दिल्लीतला संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग. त्याला लेखी अर्ज करा आणि अर्जात मोघम काही लिहू नका. 'माझ्या आजोबांविषयी सर्व माहिती द्यावी' या विनंतीला उत्तर देणं कोणालाच शक्य नसतं. '१ क्रमांक स्क्वाड्रन, भारतीय हवाई दल, ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक, फॉर्म ५४० व ५४१, मार्च ते जून १९४४, पाहण्याची किंवा प्रत मिळण्याची परवानगी' असं लिहा. सोबत नात्याचा पुरावा, ओळखपत्राची प्रत आणि घरातल्या एखाद्या कागदाची प्रत जोडा. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धविषयक नोंदी जमा करणं, खुल्या करणं आणि अभिलेखागाराकडे सोपवणं यासाठी धोरण जाहीर केलं. त्यानुसार नोंदी साधारणपणे २५ वर्षांत खुल्या व्हाव्यात अशी अपेक्षा आहे. अर्जात त्या धोरणाचा उल्लेख जरूर करा.

जनपथवरचं राष्ट्रीय अभिलेखागार हे दुसरं ठिकाण. त्याची सूची 'अभिलेख पटल' या पोर्टलवर घरबसल्या चाळता येते. जाण्याआधी फाइलींचे क्रमांक लिहून न्या, म्हणजे दिल्लीतला वेळ सूचीत न जाता वाचनात जाईल. सैनिकी इतिहासाच्या अभ्यासकांशी गाठ घालून घ्यायची असेल तर दिल्लीतल्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनचं सैनिकी इतिहासाचं केंद्र चांगलं. आणि पालमच्या हवाई दल संग्रहालयात जाच. वापिती, लायसँडर, हरिकेन, स्पिटफायर तिथे उभी आहेत. हरिकेनच्या कॉकपिटची रुंदी डोळ्यांनी पाहिल्यावर लॉगबुकातले 'दोन तास दहा मिनिटं' वेगळे कळतात.

वैयक्तिक सेवेच्या नोंदीचं प्रकरण निराळं. अधिकाऱ्यांसाठी विचारणा वायुसेना मुख्यालयाकडे, एअरमनसाठी सुब्रतो पार्कमधल्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसकडे. निवृत्तीनंतर पेन्शन घेतलेली असेल तर पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक देऊन सुब्रतो पार्कच्याच डायरेक्टोरेट ऑफ एअर व्हेटरन्सकडे. युद्धापुरतं इमर्जन्सी कमिशन घेऊन १९४६ च्या सुमारास बाहेर पडलेल्यांच्या बाबतीत पेन्शनची फाइल बहुधा नसते, तेव्हा तिची वाट बघत बसू नका. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा. आजोबांनी किंवा आजींनी तिथे माजी सैनिक म्हणून नोंद केली असेल तर एका कार्डावर नंबर, हुद्दा, तारखा सगळं मिळतं.

नुसत्या पत्राला उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. केंद्र सरकारच्या पोर्टलवर १० रुपये भरून तो करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस. कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे २० वर्षांहून जुन्या घटनांच्या माहितीला बहुतेक अपवाद लागू होत नाहीत, फक्त सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद यांसारखे थोडे उरतात. अर्जात प्रश्न विचारू नका, कागद मागा. 'ते शूर होते का' याची नोंद कुठल्याच फाइलीत नसते. 'सेवा क्रमांक अमुक, नियुक्ती व बदल्यांचा तक्ता, प्रमाणित प्रत' ही नोंद असते. चुकीच्या कार्यालयाकडे अर्ज गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवण्याची जबाबदारी त्यांची आहे. नकार आला तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा. पुष्कळ जण इथे कंटाळून सोडतात. सोडू नका.

लंडनकडचे कागद

लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात हवाई दलाच्या फाइली 'एआयआर' या अक्षरांखाली लावलेल्या आहेत. एआयआर २७ मध्ये स्क्वाड्रनच्या नोंदवह्या, एआयआर २५ मध्ये ग्रुपच्या आणि एआयआर २६ मध्ये विंगच्या (या अनेक स्क्वाड्रन मिळून होणाऱ्या मोठ्या रचना), एआयआर २८ मध्ये तळांच्या, एआयआर २९ मध्ये ट्रेनिंग युनिट आणि इतर किरकोळ युनिटच्या, एआयआर २३ मध्ये परदेशी कमांडच्या, एआयआर ५० मध्ये हवाई झुंजीनंतर वैमानिकांनी लिहिलेले अहवाल. बर्मासाठी दोन ग्रुपची नावं पाठ करा: इंफाळच्या बाजूला २२१, आराकानच्या बाजूला २२४. स्क्वाड्रनच्या वहीचं पान फाटलेलं किंवा पुसट असलं तरी ग्रुपच्या किंवा तळाच्या वहीत तोच दिवस दुसऱ्या कोणाच्या हातून लिहिलेला सापडतो. सूची ऑनलाइन फुकट बघता येते. कामाची फाइल डिजिटल झालेली नसेल तर प्रत मागवता येते, किंवा लंडन परिसरातल्या आप्तांना एक दिवस तिथे पाठवा. तिकडे आपली माणसं कमी नाहीत. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या फाइलीही त्यांनाच बघायला सांगा. हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात अपघातांची कार्डं आहेत, फॉर्म ११८० या नावाची. विमानाचा क्रमांक आणि तारीख ठाऊक असेल तरच तिथे विचारा.

पुरस्कार मिळाल्याचं घरात ऐकलं असेल तर लंडन गॅझेटचा ऑनलाइन शोध फुकट आहे. डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, हवाई शौर्याचं पदक) मिळालेल्यांची नावं तिथे छापलेली असतात. सविस्तर शौर्यवर्णन मात्र प्रत्येक नावासोबत नसतं. शिफारशीचा कागद वेगळा, एआयआर २ मध्ये शोधावा लागतो.

घराजवळचे कागदही विसरू नका. गावचा मुलगा वैमानिक झाला ही त्या काळी मोठी बातमी होती. केसरी, सकाळ यांचे जुने अंक, कॉलेजची वार्षिकं, ज्ञातीची मासिकं यांत ती येई, आणि अनेकदा फोटोसकट. कमिशनचा महिना कळला की त्याच्या पुढचे दोन-तीन महिने चाळा.

पदकं वाचायची कशी

डब्यातली पदकं विकायच्या किंवा घासून चकचकीत करायच्या आधी फिती ओळखा. गडद निळ्या फितीच्या मधोमध रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंच्या निळ्यात नारिंगी रेघ असेल तर तो बर्मा स्टार. ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळातल्या सेवेसाठी तो दिला गेला आणि विमानात उडणाऱ्यांना त्या प्रदेशावरचं एक लढाऊ उड्डाणही पात्र करत असे. म्हणजे बर्मा स्टार हाती असेल तर त्या आघाडीचा प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो. इंडिया सर्व्हिस मेडल भारतातल्या तीन वर्षांच्या सेवेसाठी होतं. ते एकटंच असेल तर माणूस बराच काळ शिक्षक किंवा देशातल्या तळावर असण्याची शक्यता मोठी. वॉर मेडलच्या फितीवर ओकच्या पानाचं छोटं चिन्ह असेल तर त्यांचा युद्धवृत्तांतात नावानिशी गौरवपर उल्लेख झाला होता, आणि तो गॅझेटमध्ये शोधायला हवा.

जे परत आले नाहीत

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या सूचीत ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना मरण पावलेल्यांची नावं आहेत. लढाई, प्रशिक्षणातला अपघात, आजार, कारण कुठलंही असो. शोध नावाने घ्या, ठिकाणाने घेऊ नका. आग्नेय आशियात ज्यांची कबर सापडली नाही अशा हवाई सैनिकांची नावं सिंगापूरला क्रांजी इथल्या स्मारकावर कोरली आहेत. युरोपात बेपत्ता झालेल्यांची रनीमीडला. पहिल्या महायुद्धातले मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर, रॉयल फ्लाइंग कॉर्प्समधल्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी एक, यांची कबर फ्रान्समध्ये हँगार्डला आहे. अपघाताचा कागद मिळाला आणि त्यात 'वैमानिकाची चूक' असा शेरा असला तर खचू नका. तो शेरा त्या काळी अगदी सहज मारला जाई. हवामान, विमानाची अवस्था, त्या महिन्यातली उड्डाणांची संख्या हे सगळं सोबत वाचूनच मत बनवा.

१९६५ आणि १९७१

पुढच्या युद्धांसाठी पद्धत तीच, फक्त कागद जवळजवळ सगळे दिल्लीत. १९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी आणि पश्चिमी स्टार आघाडी सांगतात. या पिढीतले सहकारी अजून भेटतात, तेव्हा अर्जाआधी फोन करा. स्क्वाड्रनच्या माजी अधिकाऱ्यांचे स्नेहमेळावे भरतात, तिथवर पोहोचा. युद्धकैद्यांच्या बाबतीत जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडेही नोंदी असतात. दिलीप परुळकर यांनी दोन सहकाऱ्यांसह ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या कैदेतून केलेलं पलायन अनेकांना माहीत आहे. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे मात्र डिसेंबर १९७१ पासून बेपत्ता आहेत. ज्या घरांची वाट पाहणं अजून संपलेलं नाही, तिथे चौकशी करताना शब्द जपून वापरा आणि त्यांनी नको म्हटलं तर मागे फिरा.

सापडलेलं जपायचं कसं

प्रत्येक माहितीपुढे ती कुठून आली ते लिहा: कागद, फाइल क्रमांक, पान, किंवा 'थोरल्या आत्याकडून ऐकलं'. ऐकीव गोष्ट खोटी ठरली तरी खोडू नका, तशीच वेगळ्या रकान्यात ठेवा. चार विमानांच्या गोष्टीमागे कधी चार होड्या निघतात, कधी ती सोबतच्या माणसाची गोष्ट असते.

लॉगबुक सपाट स्कॅनरवर, प्रत्येक पान कोऱ्या पानांसकट, किमान ३०० डीपीआयला स्कॅन करा. बांधणी कडक झाली असेल तर दाबून उघडू नका, वरून कॅमेऱ्याने फोटो घ्या. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. फोटो प्लॅस्टिकच्या चिकट अल्बममधून काढून साध्या आम्लविरहित कागदात ठेवा. स्कॅनच्या प्रती भावंडांत वाटा, एक घराबाहेर असू द्या. मूळ वही संग्रहालयाला द्यायचं ठरलं तर सगळ्या वारसांची संमती आधी कागदावर घ्या, आणि ती देणगी आहे की ठेव, अभ्यासकांना पाहता येईल का, घरच्यांना प्रत कधी मिळेल, हे त्यांच्याकडून लेखी घेऊनच वही हातातून सोडा.